सिग्नल येतोय, स्टेशनचं नाव दिसतंय, मग आवाज का नाही?

प्रश्न : नमस्कार. मी ठाण्यात राहते. बाबांना आयुष्यभर आकाशवाणी मुंबई ऐकायची सवय, पण आमच्या बिल्डिंगमध्ये मीडियम वेव्हवर नुसती खरखर येते. आकाशवाणीचं डिजिटल प्रसारण, म्हणजे डीआरएम, ऐकता येतं असं कळलं म्हणून मी मीडियम वेव्ह पकडणारा एसडीआर रिसीव्हर (बरंचसं काम सॉफ्टवेअरवर सोडणारा रेडिओ) लॅपटॉपला जोडला आणि ड्रीम हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं. दिवे हिरवे होतात, स्टेशनचं नावसुद्धा दिसतं, पण आवाज शून्य. डीआरएम ओपन स्टँडर्ड आहे म्हणतात ना, मग फ्री सॉफ्टवेअरमध्ये आवाज का येऊ नये? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. नाव दिसतंय म्हणजे अँटेना, रिसीव्हर, सेटिंग सगळं बरोबर आहे, अडलंय ते शेवटच्या पायरीवर.

आधी एक गोंधळ दूर करू. हे डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडियाल, सिनेमांना कुलूप लावणारं डीआरएम वेगळं. याचं स्टँडर्ड एत्सी या युरोपियन संस्थेकडे आहे, ईएस 201 980 या नंबरचं, आणि ते कुणीही फुकट डाउनलोड करून वाचू शकतं. तसं ते उघडं होतं म्हणूनच जर्मनीत डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात ड्रीम लिहिलं गेलं आणि जीपीएल या फ्री सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली सगळ्यांना मिळालं. इथपर्यंत सगळं छान.

पण आवाज दाबून लहान करून पाठवायची आणि पुन्हा उलगडायची जी पद्धत, म्हणजे कोडेक, ती आहे एएसी, आणि अलीकडे एक्सएचई-एएसी. तीही स्टँडर्डच आहेत, फक्त त्यांच्यावर पेटंटं आहेत किंवा होती. रेडिओ बनवणारी कंपनी किती सेट विकले ते मोजते, तेवढे पैसे भरते आणि मोकळी होते. फ्री सॉफ्टवेअर वाटणाऱ्याने काय मोजायचं? एकाने दहा जणांना दिलं, त्यांनी पुढे शंभर जणांना दिलं, आणि जीपीएलचा तर नियमच आहे की पुढच्याला सगळे हक्क देता येत नसतील तर वाटूच नका. म्हणून ड्रीमची तयार फाइल बऱ्याचदा एएसी डीकोडरशिवाय येते. तुम्हाला फाड2 ही एएसी उलगडणारी लायब्ररी (प्रोग्रॅमला जोडायची फाइल) डीआरएम सपोर्टसकट बिल्ड केलेली, म्हणजे तयार केलेली हवी, ती ड्रीमच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू करा. प्रसारण एक्सएचई-एएसीमध्ये असेल तर एफडीके-एएसी ही दुसरी लायब्ररी घालून बिल्ड केलेलं ड्रीम लागेल. या एफडीकेचा सोर्स कोड सगळ्यांसमोर आहे, तरी पेटंटचा हक्क देत नाही असं त्याच्या लायसन्समध्येच लिहिलंय, आणि डेबियन या लिनक्सवाल्यांनी ते नॉन-फ्री विभागात टाकलंय.

मला खरं दुखतं ते इथे. स्टँडर्ड ओपन आहे हे वाचणाऱ्यासाठी खरं आहे, ऐकणाऱ्यासाठी अर्धंच खरं. बीबीसीचंही असंच झालं, 2007 मध्ये आयप्लेअर या कार्यक्रम बघायच्या सोयीची डाउनलोड सेवा फक्त विंडोजवर आणली तेव्हा लोक लंडन-मँचेस्टरला बीबीसीच्या दारात निदर्शनाला उभे राहिले, आणि नंतर एच.264 हे व्हिडिओचं कोडेक आलं तर ते स्टँडर्ड असूनही पेटंटवालं, त्यामुळे फायरफॉक्स या फ्री ब्राउझरवाल्यांना ते बराच काळ चालत नव्हतं. गंमत म्हणजे रॉयल्टी न लागणारं डिराक हे व्हिडिओ कोडेक बीबीसीच्याच संशोधकांनी बनवलं होतं.

आपल्याकडे तर उत्तर कागदावर तयार आहे. भारत सरकारच्या नोव्हेंबर 2010 च्या ई-गव्हर्नन्ससाठीच्या ओपन स्टँडर्ड धोरणात सरळ अट आहे, की स्टँडर्ड राबवायला लागणारी पेटंटं ते स्टँडर्ड असेपर्यंत रॉयल्टी न घेता मिळाली पाहिजेत. ही अट सरकारी कामकाजाच्या सॉफ्टवेअरला आहे, प्रसारणाला नाही. का नाही? आकाशवाणीने 35 मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डिजिटलसाठी उभे केले ते लोकांच्या पैशातून, मग ते ऐकायचा हक्कही विनापेटंट हवा असं माझं ठाम मत आहे. ओपस कोडेक 2012 पासून रॉयल्टीशिवाय उपलब्ध आहे, ड्रीममध्ये प्रयोग म्हणून तो घातलेलाही आहे, पण डीआरएमच्या स्टँडर्डमध्ये त्याला जागा नाही.

बाबांसाठी आज रात्रीच लायब्ररी टाकून बघा, अंधार पडल्यावर मीडियम वेव्ह लांबून पण येते. मध्येच आवाज तुटला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, चार्जर फार खरखर करतो. काय झालं ते नक्की कळवा.