ओला टॉवेल कुठे वाळवायचा?

प्रश्न : ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरचं दार बंद झालं, वसतिगृहाची फी भरणं जमलं नाही. पाच महिने तीन मित्रांच्या खोल्यांवर आळीपाळीनं झोपतोय. कधी रात्र वाचनकक्षात काढतो. वर्गात डुलक्या येतात. सर म्हणतात, 'तुझं लक्ष नाही.' पण मी काही फुटपाथवर झोपत नाही. मग मला बेघर म्हणायचं का? आणि हे कॉलेजात सांगू का?

उत्तर : फुटपाथवर झोपतो तोच बेघर, असं मीही, कॉलेजात तुझ्यासारखीच इकडेतिकडे झोपत असताना, दोन वर्षं धरून चालले होते. युरोपात 2005 साली 'इथॉस' नावाची बेघरपणाची वर्गवारी झाली. तिच्यात ओळखीपाळखीच्यांकडे तात्पुरता राहणाराही मोजला आहे. अमेरिकेत 2007 च्या कायद्यापासून पालकांविना राहणाऱ्या बेघर विद्यार्थ्याला सरकारी शिक्षण-मदतीसाठी पालकांच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागत नाही. शब्द तुला आवडो न आवडो, अर्जात तोच कामाला येतो.

मी ब्रश कंपासपेटीत ठेवायचे. पण सगळ्यात छळलं ते ओल्या टॉवेलनं. अंघोळ कुठेही उरकता येते, टॉवेल वाळत घालायला मात्र हक्काची जागा लागते. पिशवीत कोंबला की वह्यांनाही कुबट वास. म्हणून मी शेवटच्या बाकावर, सगळ्यांपासून लांब बसायचे, आणि शिक्षकांना वाटायचं, हिला गोडी नाही. सुट्टी जाहीर झाली की वर्ग खूश, माझ्या पोटात गोळा; ग्रंथालयाला कुलूप लागणार ना! कुणाकडे कितवी रात्र, कुणाच्या कपाळावर आठी पडली, याची नोंद वहीच्या मागच्या पानावर असायची. अर्धी अक्कल लपवण्यातच जायची.

तेव्हा सांग. सगळ्यांना नको, ज्याच्या हातात काही आहे अशा एकाला. 'अडचण आहे' एवढंच म्हणालास तर 'बघू' एवढंच ऐकशील. नेमकं माग : परीक्षा संपेपर्यंत, सुट्टीतही, वसतिगृहात एक खाट, सामानाला कुलपाचं कपाट, पत्रांसाठी विभागाचा पत्ता, फीला हप्ते. मी ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणून तू रोज सगळ्यात शेवटी उठतेस होय!" कपाट दुसऱ्याच दिवशी मिळालं. खाटेला सहा आठवडे लागले, कारण 'कायमचा पत्ता' रिकामा म्हणून अर्ज एकदा परत आला होता.

मूळ कागदपत्रं त्याच दिवशी कपाटात टाक, पिशवीत घेऊन फिरू नकोस. आणि रात्र जागून वाचू नकोस. वाचलेलं झोपेत पक्कं होतं, तुझी तर आधीच थकबाकी आहे.

सरांना चिठ्ठी दे : 'झोपायला जागा नाही, म्हणून डुलकी येते.' तोंडी सांगायला गेलास तर घसा दाटेल. माझा दाटला होता, आणि बाईंना वाटलं मी पुस्तक हरवलंय.