हिवाळ्यात टेक्सासच्या सीमेवर राहणाऱ्या सासू-सासऱ्यांकडे जायचं, तर उतरायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासू-सासरे मिशिगनचे, नोव्हेंबर ते मार्च टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोला लागून असलेल्या रिओ ग्रांद व्हॅलीत राहतात. डिसेंबरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि भारतातून आलेले तुमचे आई-बाबा असे सहा जण आठवडाभर जाणार. त्यांच्या घरी उतरावं की हॉटेलात, आणि बघायचं काय? शेवटी तुम्ही लिहिलंय, "त्यांना तिथल्या मित्रमंडळींसाठी वेळ असतो, नातवंडांसाठी नसतो." त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे.

हॉटेल घ्या. मॅकॅलन, वेस्लाको, हार्लिंजन, कुठेही घ्या, पण घ्या. "घर असताना हॉटेल कशाला?" असं ते दोघं म्हणतीलच. आम्हीही म्हणालो होतो. हिवाळ्यापुरते येणारे बहुतेक जण इथल्या वसाहतींत, म्हणजे पार्कांत, पार्क मॉडेल नावाच्या चाकांवरच्या छोट्या घरात राहतात. ते घर म्हणजे फार तर ४०० चौरस फूट. त्यात पार्क ५५ वर्षांवरच्यांचं असेल तर पाहुणे किती दिवस राहिले याची ऑफिसात नोंद होते आणि मुलांना पूलमध्ये उतरायच्या वेळा ठरलेल्या असतात. हे नियम तुमच्या सासूबाईंनी केलेले नाहीत, पण पोरांनी दंगा केला की शेजारी त्यांच्याकडेच बघतात.

आमचं सांगते. आम्ही मूळचे साताऱ्याचे, पण सगळी उमेद मिनेसोटात गेली. २०११ च्या फेब्रुवारीत दारापुढचा बर्फ उपसताना घसरले आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर लागला की गाडीत सामान भरायचं, आय-३५ हमरस्ता धरायचा आणि तीन दिवस दक्षिणेला जात राहायचं, असं सुरू झालं. इथे डिसेंबरात दुपारी अंगणात साध्या सुती कपड्यांत बसता येतं. उत्तरेचा वारा सुटला की तासा-दोन तासांत हुडहुडी भरते, तेव्हा मुलांचे स्वेटर आणा, पण तो वारा एक-दोन दिवसांचा पाहुणा असतो.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये २७ वर्षं नोकरी केली. मान सदा सूक्ष्मदर्शकावर. वर बघायला शिकले ती इथे येऊन, साठीत. वेस्लाकोला एस्तेरो यानो ग्रांदे नावाचं स्टेट पार्क आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथे शिकले. नाताळाच्या सुमारास अमेरिकाभर पक्ष्यांची मोजणी होते. ऑडुबॉन संस्था १९०० सालापासून ती करते आहे. १४ डिसेंबर ते ५ जानेवारी यांच्यातला एक दिवस प्रत्येक ठिकाणी ठरवतात आणि १५ मैल व्यासाच्या वर्तुळात दिसलेला, ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहून काढतात. तळ्याच्या कडेची एक पायवाट माझ्याकडे होती.

२०१७ च्या डिसेंबरात शिकागोहून मुलगा, सून, दोन नातवंडं आली आणि त्यांच्याबरोबर साताऱ्याहून आलेल्या आमच्या वन्सं. सात माणसं. वन्सं पलंगावर, मी आणि सूनबाई सोफा-कम-बेडवर, पोरं खाली, बाप्ये बाहेरच्या खोलीत फुगवायच्या गाद्यांवर. पाच दिवस मी ओट्यापासून हलले नाही. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री मुलांना पास्ता आणि वन्संना खिचडी. मोजणीचा दिवस सहावा होता आणि ते मी सप्टेंबरातच मुलाला फोनवर सांगितलं होतं.

आदल्या रात्री मी थर्मास धुऊन ठेवत होते तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तू उद्या खरंच जाणार? आम्ही वर्षातून एकदा येतो." मी "हो" म्हटलं. मटकीची उसळ करून ठेवली, भाताचं आधण कुठल्या पातेल्यात ठेवायचं तेही सांगितलं आणि पहाटे साडेपाचला निघाले. संध्याकाळी परत आले तेव्हा उसळीवरचं झाकण तसंच होतं. पोरांनी दुधात सीरिअल खाल्लं होतं. मुलगा दोन दिवस धड बोलला नाही. सूनबाई काही म्हणाली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

नात मात्र रुसून बसली होती. आठ वर्षांची. "मला पण यायचं होतं. मला कोणी उठवलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिला घेऊन गेले. चाचालाका नावाचे पक्षी गावठी कोंबड्यांसारखे कलकलत होते, ते ऐकूनच ती खूश. मग वाटेच्या कडेला तिला थांबवलं आणि म्हटलं, समोर पक्षी बसलाय, शोध. पॉराके म्हणजे आपल्या रातव्याचा भाऊबंद. दिवसभर पाचोळ्यात पोट टेकून झोपतो. तपकिरी, करडा, मध्येच काळे ठिपके, वाळक्या पानांतून वेगळा काढता येत नाही. ती चार-पाच मिनिटं नुसती उकिडवी बसून बघत होती. मी बोट दाखवलं नाही. त्याने एक डोळा किलकिला केला तेव्हा तिला दिसला. तिने माझा हात इतका दाबला की मोडलेलं मनगट कळवळलं, पण तोंडातून आवाज काढला नाही.

आता ती सोळा वर्षांची आहे आणि दर हिवाळ्यात चार दिवस एकटी विमानाने येते.

मुलगा अजूनही म्हणतो, "त्या दिवशी तू पक्षी निवडलेस." इथे लिहून ठेवते, त्याने वाचलं तर वाचलं. त्याचा हॉकीचा प्रत्येक सामना मी थंडीत उभं राहून पाहिला आहे, रात्रपाळी करून आल्यावर पाहिला आहे. तेव्हा मी काही निवडत नव्हते, करायचं म्हणून करत होते. सत्तरीकडे झुकल्यावर वर्षातला एक दिवस मी माझ्यासाठी ठेवला आणि तीन महिने आधी सांगून ठेवला. आजी म्हणजे हक्काची दाई नव्हे. तुमच्या सासूबाई मंगळवारी रजया शिवायला आणि गुरुवारी पत्त्यांना जात असतील, तर त्यांना जाऊ द्या. त्या नातवंडांना टाळत नाहीत. त्यांचा दिनक्रम आहे आणि तो त्यांनी फार उशिरा मिळवला आहे. मुलांना त्यांच्याबरोबर पाठवून बघा.

वन्संचंही एक पालुपद होतं, "उन्हासाठीच यायचं, तर साताऱ्याला या की." मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ कुठेच चालत नाही. ह्यांना दोन स्टेंट आहेत. वीस-बावीस तासांचं विमान दर हिवाळ्यात जमत नाही. माहेरची ओढ मलाही आहे, पण ओढीवर दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

बघायचं म्हणाल तर मुलांसाठी साउथ पाद्रे बेट, तिथलं समुद्री कासवांचं केंद्र, आणि पोर्ट इझाबेलचं १८५२ चं दीपगृह. मिशन नावाच्या गावात फुलपाखरांचं केंद्र आहे. सांता आनाच्या अभयारण्यात झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ बघून तुमच्या बाबांना पारंब्या आठवतील. पोळ्या लाटत बसू नका, कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम टॉर्टिया आणा. पिठल्याबरोबर मक्याची टॉर्टिया छान लागते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. आई-बाबांचे पासपोर्ट आणि आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा, छापील कागद कायम जवळ ठेवा, बॅगेत नाही, अंगावर. व्हॅलीतून उत्तरेला जाणाऱ्या हमरस्त्यांवर, २८१ वर फॅलफ्युरिअसला आणि ७७ वर सरिताला, बॉर्डर पेट्रोलचे नाके आहेत. प्रत्येक गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात. सॅन अँटोनियोला निघालो तेव्हा वन्संचा पासपोर्ट माझ्या कपाटात राहिला होता. चूक आमची. ह्यांनी घरी परत जाऊन तो आणेपर्यंत वन्सं नाक्यावरच्या बाकावर बसून होत्या. तिथली माणसं सभ्य वागली, पाणी दिलं, पण वन्संचे हात थरथरत होते.

सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या नुएवो प्रोग्रेसो गावात आम्ही पूल चालत ओलांडून दाताच्या डॉक्टरकडे जातो, दिवसाउजेडी, पुलाजवळच्या मुख्य रस्त्यापुरतेच. तुम्ही आई-बाबांना नेऊ नका असं माझं मत आहे. ते गाव ज्या राज्यात आहे त्या तामाउलिपाससाठी अमेरिकी सरकारचा प्रवासाबद्दलचा इशारा सगळ्यात वरच्या पातळीचा आहे. शिवाय व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत येताना अडकू शकाल. तुम्ही दोघं गेलात तर वेगळं. अमेरिकेत जन्मलेल्या सोळाखालच्या मुलांना जमिनीवरून परत येताना जन्मदाखला पुरतो.

आणि ग्रेपफ्रूट. व्हॅलीतलं लाल ग्रेपफ्रूट डिसेंबरात झाडावर पिकलेलं मिळतं. पपनसासारखं सोलून वर मीठ-साखर आणि तिखटाची चिमूट घालून खा. मात्र तुमच्या बाबांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही. ह्यांना बंद आहे. शेजारच्या झाडाखाली उभं राहून हे सोलतात आणि फोडी मला देतात.