फासे दिसले की उपटायचे नाहीत

प्रश्न थोडक्यात असा : नाशिक जिल्ह्यात निफाडकडे कादवा नदीकाठी पक्षी पाहायला जाणाऱ्या गटाला मक्याच्या बांधावर तारेचे फासे दिसले. त्यांनी ते तोडून नदीत फेकले, व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. आता शेतकरी म्हणतात, "परत बांधावर दिसलात तर बघा." पुढं काय करावं?

आधी कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हटलं की पकडणं, फासात अडकवणं, तसा प्रयत्न करणं, अंडी-घरटी मोडणं हे सगळं त्यात येतं. त्यामुळे रिकाम्या फाशावरही गुन्हा उभा राहतो, पण तो फासा जागेवर असेल तरच. काढून आणलेली तार ही मोटारसायकलची जुनी क्लच वायर असते, तिच्यावरून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. तुम्ही पुरावा नदीत टाकलात आणि वर शेतात घुसून नासधूस केल्याची तक्रार करायला समोरच्याला जागा दिलीत.

इथून पुढं असं करा. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून आधी लांबून फोटो घ्या, त्यात विहीर, डीपी, झाड असं काहीतरी कायमचं दिसलं पाहिजे. मग दहा फुटांवरून, म्हणजे कुंपणाची छिंड (जनावर शिरतं ती फट) आणि फासा एकत्र येतील. शेवटी अगदी जवळून : खुंटीला मारलेली गाठ, फाशाचा घेर, जमिनीपासूनची उंची, तारेला केस किंवा रक्त लागलंय का. मापासाठी शेजारी पेन ठेवा, तारेला हात लावू नका. एक दिसला की त्याच बांधावर आणखी असतात, कारण जनावराच्या वाटेवर ओळीनं लावतात. ससा धरायचा फासा मुठीएवढ्या उंचीवर असतो. डुकराचा बराच मोठा आणि वर असतो, त्यातच बिबट्या अडकतो.

मग वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव विभागाचा माणूस येतो, बाहेर निफाड-येवला भागात नाशिक पूर्व वन विभागाचा. तिथं हद्दीवरून हमखास टोलवाटोलवी होते, म्हणून गावाचं नाव आणि गट नंबर आधीच काढून ठेवा. पंचनाम्यात फाशांची संख्या, तारेची लांबी, कशाला बांधली होती, गट नंबर आणि जप्त माल सीलबंद केल्याची नोंद आहे का, ते वाचूनच सही करा. दोन्ही पंच तुमच्याच गटातले असतील तर बचाव पक्षाला तेवढंच पुरतं; एक पंच गावातला घ्यायला सांगा. निघण्याआधी वनगुन्हा क्रमांक मागून घ्या. काहीच हललं नाही तर याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे रीतसर 60 दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः कोर्टात तक्रार करू शकता.

फासात जिवंत जनावर असेल तर काम एकच, गर्दी हटवणं. बिबट्या धडपडतो तशी तार कमरेत रुतत जाते, आणि माणसं जितकी जवळ तितका तो जास्त ओढतो. कुत्री बांधायला लावा, आवाज बंद करा आणि बेशुद्ध करणारं पथक येईपर्यंत लांब थांबा.

तार काठ्यांवर ताणलेली असेल आणि वीजखांबाकडं किंवा मोटारीच्या पेटीकडं जात असेल तर मात्र फोटोच्या नादी लागू नका. तो थेट 230 व्होल्टचा करंट असू शकतो. ओल्या पाटात तर पायानंच बसतो. मागं फिरा, महावितरणच्या 1912 वर आणि पोलिसांच्या 112 वर कळवा. अशा तारेनं डुकराआधी शेजारचा पाण्याची दारे धरायला आलेला माणूस मरतो.

जाळ्यांच्या बाबतीत थोडं जपून. निफाडात द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी जाळी टाकतात, ती मांडवावर आणि बाजूनं लावलेली असते. त्यात मैना अडकली म्हणून बागायतदाराला शिकारी ठरवू नका. जाळी ताणून लावा, सैल राहिली की पक्षी गुरफटतो, एवढं सांगा. शिकाऱ्याचं जाळं बारीक धाग्याचं, दोन बांबूंमध्ये उभं, पाण्यावर किंवा घासाच्या वावरावर येणाऱ्या थव्याच्या वाटेत आडवं असतं. पहाटे लावतात, ऊन चढायच्या आत गुंडाळतात.

आता ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याबद्दल. शिकार करणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात. रात्री जीपला सर्चलाइट लावून येवल्यातल्या मामदापूर-राजापूरकडं काळविटामागं फिरणारा हौशी बंदूकवाला वेगळा. त्याला अडवायला जाऊ नका, गाडी नंबर, वेळ, दिशा टिपून 112 ला द्या. काळवीट कायद्याच्या अनुसूची 1 मधलं, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेलं; त्याच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. पण मक्याच्या बांधावरचा माणूस बहुतेक वेळा डुकरानं गांजलेला असतो. एका रात्रीत कळप अर्धा एकर आडवा करतो, कणसं खातो थोडी आणि मोडतो जास्त. त्याला 'प्राण्यांवर प्रेम करा' सांगायला गेलात तर तो जे बोलेल ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

त्याच्या हातात काय आहे ते त्याला सांगा. डुक्कर उपद्रवी झालं असेल तर कलम 11 खाली लेखी परवानगीनं मारता येतं. परवानगी अधिकाऱ्याची हवी, सरपंचाच्या तोंडी होकारानं भागत नाही. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडं लगेच अर्ज, सोबत सातबारा आणि फोटो. पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक उचलायचं नाही. इथंच बहुतेकांचे दावे बुडतात, वावर साफ करून मग तलाठ्याला बोलावतात.

आणि झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत जनावर न मारता फक्त झटका देणारं यंत्र. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, साधारण सेकंदाला एक ठोका देणारं. डुकरासाठी खालची तार सात-आठ इंचांवर आणि दुसरी दीड फुटाच्या आसपास. खालची वर गेली की डुक्कर नाकानं उचलून आत शिरतं. "मशीन घेतलं, काही उपयोग नाही" ही तक्रार दोनच कारणांनी येते : तारेला गवत लागून झटका जमिनीत उतरतो, नाहीतर अर्थिंग मेलेलं असतं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगचा रॉड मातीपासून सुटतो. अंतर ठेवून तीन रॉड ठोका आणि अधूनमधून तिथं पाणी ओता.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम : व्हिडिओ काढून टाका. त्यात कुणाचा चेहरा किंवा वस्तीचं नाव असेल तर आधी तेच, कारण खाली 'अमुक समाजच असा' छापाच्या कॉमेंट पडल्या की शिकार बाजूला राहते आणि अ‍ॅट्रॉसिटीचा विषय होतो, तोही रास्तच. मग दोघंच जा, कॅमेरा न घेता, आधी पोलीस पाटलांकडं आणि त्यांना सोबत घेऊन त्या शेतकऱ्याकडं. "भाऊ, परवा आमचं चुकलं, न विचारता वावरात आलो," इथून सुरुवात करा, आणि भरपाईचा कोरा अर्ज सोबत असू द्या.