ग्राहकांचे नंबर नक्की कुठे ठेवायचे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात दुकानदार, क्लासवाले, बागायतदार अशा बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलीय, की ग्राहकांची यादी सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं. त्यातले चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनीही ते वाचा, कारण बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : ताई, माझं कराडला वॉटर प्युरिफायरचं विक्री-सर्व्हिसचं दुकान आहे. मी, मिसेस आणि सर्व्हिसला दोन मुलं. चौदाशेच्या आसपास ग्राहक आहेत पण नंबर काही माझ्या फोनमधे, काही मुलांच्या फोनमधे, बाकीचे वहीत. कुणाचा फिल्टर कधी बदलला ते वेळेवर सापडत नाही आणि ग्राहक दुसऱ्याला बोलावून मोकळा होतो. एका कंपनीचा माणूस येऊन सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) दाखवून गेला, वर्षाचे पैसे एकदम भरले तर डिस्काउंट देतो म्हणाला. घेऊ का? की एक्सेल पुरेल?

दादा, वर्षाचे पैसे आत्ता भरू नका. ते सॉफ्टवेअर वाईट आहे म्हणून नाही, तुमच्या कामाला ते बसतं का हे अजून तुम्हाला कळलेलं नाही म्हणून.

तुम्हाला डेमोमधे बहुतेक लीड, डील, स्टेज असले रकाने दाखवले असतील. कोटेशन दिलं, बोलणी चालू, ऑर्डर फायनल, असं. ज्याला फ्लॅट विकायचेत किंवा कारखान्याला मशीन विकायचंय, जिथे एकेक गिऱ्हाईक महिनोन्‌महिने चर्चेत असतं, त्याच्यासाठी ते सगळं सोन्यासारखं आहे. तुमचं गिऱ्हाईक तर आधीच तुमचं आहे, मशीन त्याच्या किचनमधे लागलेलं आहे, तुम्हाला फक्त योग्य तारखेला त्याला फोन करायचाय. म्हणजे सकाळी दुकान उघडल्यावर तुमचा प्रश्न एकच असतो: या आठवड्यात कुणाकुणाची सर्व्हिस आलीय आणि ते कुठल्या भागात राहतात. याचं उत्तर जे एका स्क्रीनवर देईल ते तुमचं सॉफ्टवेअर, मग ते फुकटातलं असो नाहीतर महागातलं.

आता यादीत काय लिहायचं ते बघा. मोबाइल नंबर, नाव, गाव आणि खूण, मशीनचं मॉडेल, पाणी नळाचं की बोअरचं, शेवटची सर्व्हिस कधी, काय बदललं, कोण गेलं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढचा फोन कधी करायचा ती तारीख. बस. एक ओळ कशी दिसेल सांगते: "पाटील, सैदापूर, देवळामागची गल्ली, बोअर, १२ जूनला कार्बन बदलला, पुढचा फोन १ डिसेंबर." ही ओळ वाचून तुमच्या मिसेस पण फोन करू शकतात, तुम्ही दुकानात नसलात तरी अडत नाही. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर साधारण सहा महिने ते वर्षभर चालतो, मेम्ब्रेन दोन-तीन वर्षं, पण बोअरचं जड पाणी असलं की हे सगळं आधीच संपतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, त्यामुळे सगळ्यांना सरसकट सहा महिन्यांनी आठवण लावणारं सॉफ्टवेअर तुम्हाला अर्धवट उपयोगाचं. पुढची तारीख सर्व्हिसला गेलेल्या मुलाने तिथेच, पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बघून टाकायला पाहिजे.

दुसरी गोष्ट, ओळख नंबरवरून ठेवा, नावावरून नको. तिन्ही फोन एकत्र केलेत की त्यात "पाटील सर", "पाटील सर आरओ", "पाटील २" आणि इंग्रजीत लिहिलेला अजून एक पाटील निघणार आणि त्यातले दोन एकच माणूस असणार. नावाचं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, कुणी आडनाव आधी लिहितो कुणी नंतर, काही मराठीत काही इंग्रजीत, मोबाइल नंबर मात्र दहा आकडीच असतो आणि कंपनी बदलली तरी पोर्ट करून लोक तोच ठेवतात. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नंबरसाठी वेगळा रकाना करा, कारण मशीन सासऱ्यांच्या नावावर आणि फोन करणार सूनबाई हे कायमचंच असतं.

सुरुवात गुगल शीटवर करा. एक्सेलपेक्षा शीट बरी, कारण चौघांच्या फोनवर एकच यादी दिसते, आणि कुणी चुकून काही पुसलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. दुकानाच्या नावाने वेगळं जीमेल काढा, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर हे ठेवू नका. आणि मुलांना एवढंच सांगा की ग्राहकाच्या घरातून बाहेर पडायच्या आधी ओळ भरायची. संध्याकाळी दुकानात येऊन भरतो म्हटलं की संपलं, संध्याकाळपर्यंत कुठल्या घरी काय बदललं ते एकमेकांत मिसळतं.

दोनेक महिने हे नीट चाललं तर तुम्हाला आपोआप कळेल की शीट कुठे कमी पडतेय. बहुतेक दोन ठिकाणी पडेल. ती स्वतःहून आठवण करत नाही, रोज कुणीतरी तारखेप्रमाणे नावं गाळून बघावी लागतात, आणि ज्याला शीट दिसते तो अख्खी यादी कॉपी करून नेऊ शकतो. तेव्हा मग सॉफ्टवेअर बघा. झोहो सीआरएमची एक फुकट आवृत्ती आहे, तीन जणांपर्यंत वापरता येते. त्याच कंपनीचं बिगिन नावाचं छोट्या धंद्यांसाठी केलेलं हलकं सॉफ्टवेअर आहे, ते शिकायला सोपं आहे पण त्याची फुकट आवृत्ती एकाच माणसासाठी आणि मोजक्या नोंदींसाठी, तुमचे चौदाशे त्यात मावणार नाहीत, पैसे भरावे लागतील. ही कंपनी चेन्नईची आहे त्यामुळे पैसे रुपयातच भरता येतात. फुकट आवृत्तीच्या मर्यादा कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून घ्यायच्या दिवशी त्यांच्या साइटवर परत वाचा.

आणि कुठलंही घेतलंत तरी ट्रायलमधे सेल्समनला बाजूला ठेवून सर्व्हिसच्या दोन मुलांतल्या ज्याला मोबाइलचं कमी जमतं त्याच्या हातात अ‍ॅप द्या. तो मलकापूर किंवा ओगलेवाडीला एखाद्या घरी गेला असताना, जिथे रेंज धड नाही, तिथे त्याला एक नोंद करता येते का बघा. रेंज नसताना भरलेलं नंतर आपोआप चढतं का ते बघा. फोन वाजत असताना नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून माणूस सापडतो का बघा. आणि शेवटी सगळी यादी एक्सेल किंवा सीएसव्हीमधे (कुठल्याही सॉफ्टवेअरमधे उघडणारी साधी फाइल) बाहेर काढून ती फाइल उघडून बघा, नुसतं "एक्स्पोर्ट होतं हो" यावर विश्वास नको. काही ठिकाणी नाव-नंबर बाहेर येतो आणि तुम्ही घातलेल्या नोंदी आतच राहतात, आणि तुमच्या धंद्यात खरा माल त्या नोंदीच आहेत. कार्बन कधी बदलला हे गेलं की नुसत्या नंबराचं काय करणार.

डिस्काउंटबद्दल म्हणाल तर महिन्याचा प्लॅन घ्या, थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत.

प्रश्न : आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे, पुण्या-मुंबईचे सहाशे-सातशे घरगुती गिऱ्हाईक आहेत. मी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट करते, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम टाकते, पण निम्म्या लोकांना मेसेज पोचतच नाही. कॉन्टॅक्टचं सॉफ्टवेअर घेतलं तर पोचेल का?

नाही पोचणार, कारण दोष यादीचा नाही. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमधे सेव्ह केलाय. आणि एका लिस्टमधे २५६ जणच बसतात. आंबा वर्षातून एकदा घेणारा माणूस नंबर सेव्ह करत नाही, फोन बदलला की चॅटही जातं. त्यामुळे यंदा प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाका, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधून मिळणारा तुमचा क्यूआर कोड आणि "पुढच्या सीझनचा मेसेज मिळण्यासाठी नंबर सेव्ह करा" एवढं एक वाक्य. याला खर्च काही नाही.

तुमच्या आकड्याला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि गुगल कॉन्टॅक्ट्स एवढं पुरतं असं मला वाटतं. बिझनेस अ‍ॅपमधे लेबल लावता येतात, वीसपर्यंत, तर ती नवीन ऑर्डर, पैसे बाकी अशी लावण्यापेक्षा भागाप्रमाणे लावा, कोथरूड, डोंबिवली, ठाणे, कारण तुमचा टेम्पो भागाप्रमाणेच फिरतो आणि फोनही त्याच दिवशी करायचे असतात. गुगल कॉन्टॅक्ट्समधे प्रत्येकाच्या नोंदीत लिहा: किती डझन, पाडव्याला हवा का अक्षय्य तृतीयेला, अर्धकच्चा की तयार. ही माहिती पुढच्या फेब्रुवारीत तुमच्या हातात असली की "काकू, मागच्या वेळेसारखे चार डझन तृतीयेच्या आधी पाठवू ना?" असं विचारता येतं आणि या एका वाक्यावर ऑर्डर येते, शंभर जणांना टाकलेल्या फोटोवर येत नाही.

कुणी तुम्हाला बल्क एसएमएस सुचवेल. त्याला ट्रायच्या (फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे डीएलटी नावाच्या नोंदणी व्यवस्थेवर धंद्याची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मेसेजच्या मजकुराची आधी नोंदणी करावी लागते, दोन-अडीच महिन्यांच्या सीझनसाठी मला तो खटाटोप जास्त वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपची पैसे भरून वापरायची एपीआय सेवा (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय) आहे, तिच्यात नंबर सेव्ह असण्याची अट नाही, पण जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजचे पैसे पडतात आणि समोरच्याची आधी परवानगी लागते. गिऱ्हाईक काही हजारांवर गेलं की तिचा विचार करा.

प्रश्न : एक्सेलमधली दोन हजार नावं नवीन सॉफ्टवेअरमधे चढवली तर नंबरांच्या जागी ९.१९ई+११ असं काहीतरी आलं आणि मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. सॉफ्टवेअर खराब आहे का? (कोल्हापूर)

सॉफ्टवेअर ठीक आहे, गडबड फाइलमधे झालीय. नंबराच्या पुढे ९१ लावलं की तो बारा आकडी होतो, आणि एवढा मोठा आकडा एक्सेल गणितातल्या पद्धतीने लहान करून दाखवतं. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. म्हणून मूळ एक्सेल फाइल अजिबात पुसू नका, तिच्यात नंबर शाबूत असतील. त्या रकान्याचा फॉरमॅट आधी टेक्स्ट करा किंवा सरळ ९१ काढून दहा आकडी ठेवा. सेव्ह करताना नुसतं सीएसव्ही न निवडता त्याच यादीत "सीएसव्ही यूटीएफ-८" असतं ते निवडा, मराठी नीट जाईल. तारखांचा रकानाही तपासून घ्या, ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे यात कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे घोळ होतो.

अजून एक शक्यता. तुमची यादी जुनी, श्रीलिपीसारख्या फॉन्टमधे टाइप केलेली असेल तर ती स्क्रीनवर मराठी दिसते पण आतून युनिकोड (कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेली पद्धत) नसते, फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करावी लागेल. जोडाक्षरं आणि रफार तिथे बिघडतात तेव्हा आडनावं एकदा डोळ्याखालून घाला. आणि दोन हजार एकदम चढवू नका, आधी वीस चढवा, बघा, मग बाकीची.

प्रश्न : नाशिकला आमचा आठवी ते बारावीचा क्लास आहे. फोन करणारी मुलगी सोडून गेली आणि पालकांची यादी तिच्या मोबाइलमधेच होती, आता दुसऱ्या क्लासचे फोन आमच्या पालकांना जातायत. पुढे असं होऊ नये म्हणून काय घ्यावं?

याचा राग येणं साहजिक आहे. पण आधी सिमकार्ड घ्या, सॉफ्टवेअर नंतर. क्लासच्या नावाचं सिम, क्लासचा फोन, आणि पालकांशी सगळं बोलणं त्याच नंबरवरून. सोडून जाणाऱ्याने फोन टेबलावर ठेवायचा आणि जायचं, वाद नाही. पालकांनाही तोच एक नंबर ओळखीचा होतो.

सॉफ्टवेअर घेताना एकच गोष्ट खोदून विचारा, की प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊन त्याला फक्त त्याच्या वाट्याची नावं दाखवता येतात का आणि एक्स्पोर्टचं बटण फक्त मालकाकडे ठेवता येतं का. बऱ्याच कंपन्या ही सोय वरच्या, महाग प्लॅनमधे ठेवतात. तुमच्यासाठी मात्र तेवढ्यासाठी पैसे मोजणं योग्य आहे.

आणि तुमच्या यादीत अठराच्या आतली मुलं आहेत हे विसरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, कशासाठी माहिती घेतोय ते स्पष्ट सांगावं लागतं, आणि कुणी काढून टाका म्हटलं तर काढावी लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणजे तयारीला वेळ आहे. अ‍ॅडमिशन फॉर्मवर संमतीच्या दोन ओळी आणि पालकाची सही आत्तापासूनच घ्या. आधार कार्डाचे फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा, क्लासला आधारची गरज नसतेच. दोन-तीन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या मुलांचे नंबर अजून यादीत असतील तर तेही काढा. तेवढी यादी हलकी होईल आणि नवीन सॉफ्टवेअरचे पैसेही नोंदींच्या संख्येवर असले तर कमी पडतील.