टोकन सर्व्हरवर तपासलं का? कॅप्चाबद्दलची प्रश्नोत्तरे

फॉर्मवर ‘मी रोबोट नाही’ची चौकट (म्हणजे कॅप्चा : समोर माणूस आहे की बॉट, आपोआप चालणारा प्रोग्राम, हे ओळखणारी तपासणी) बसवली की काम झालं, असं गृहीत धरून लिहिलेली पत्रं थांबत नाहीत. विचारणारा बदलतो, गोंधळ तोच राहतो. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पानाचा सोर्स उघडला की साइट की सरळ दिसते. ती लपवायची कशी?

लपवू नका. साइट की म्हणजे कॅप्चा-सेवेने तुमच्या साइटला दिलेली उघडी ओळख, ती दिसण्यासाठीच असते. लपवायची ती सीक्रेट की, जी फक्त तुमच्या सर्व्हरकडे असायला हवी.

प्रश्न : आमच्या क्लासच्या चौकशी-फॉर्मवर जावास्क्रिप्टने बेरीज विचारली आहे (७ + ५ किती?). उत्तर बरोबर येईपर्यंत ‘पाठवा’ बटण बंदच असतं. तरी रोज ढिगाने स्पॅम येतं. ओळखीच्या मुलाने राइट-क्लिक बंद करायला सांगितलं. करू का? (सांगली)

राइट-क्लिक बंद केल्याने त्रास होईल तो पत्ता कॉपी करू पाहणाऱ्या पालकांना. बॉटकडे माउसच नसतो.

आता मूळ दुखणं. साधा स्पॅम बॉट तुमचं पान माणसासारखं उघडून बसत नाही. तो एकदाच फॉर्म वाचतो, माहिती कुठल्या पत्त्यावर जाते ते बघतो, रकान्यांची नावं टिपतो आणि पुढे थेट त्या पत्त्यावर पोस्ट विनंत्या पाठवत राहतो. जावास्क्रिप्ट तो चालवतच नाही. त्यामुळे तुमची बेरीज, बंद बटण, लाल अक्षरातली सूचना यातलं काहीही त्याच्या वाटेत येत नाही. शिवाय उत्तर त्याच स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं! ब्राउझरमध्ये चालणारी प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या ताब्यात असते. ती प्रामाणिक माणसाची सोय करते, पहारा देत नाही.

हीच चूक नामांकित सेवा वापरूनही होते. रिकॅप्चा, एचकॅप्चा किंवा टर्नस्टाइल लावला, चौकटीत हिरवी खूण आली आणि मालक निश्चिंत झाला. प्रत्यक्षात त्या खुणेमुळे फक्त एक टोकन (तपासणीची पावती म्हणून दिलेली अक्षरांची लांब ओळ) तयार होऊन फॉर्ममधल्या लपलेल्या रकान्यात बसतं. रिकॅप्चात त्या रकान्याचं नाव ‘जी-रिकॅप्चा-रिस्पॉन्स’, टर्नस्टाइलमध्ये ‘सीएफ-टर्नस्टाइल-रिस्पॉन्स’. फॉर्मसोबत ते तुमच्या सर्व्हरवर येतं. तिथून पुढचं काम तुमचं : सर्व्हरने सीक्रेट की आणि टोकन सेवेच्या ‘साइटव्हेरिफाय’ पत्त्यावर पोस्ट करायचं आणि उत्तरातलं ‘सक्सेस’ खरं असेल तरच अर्ज पुढे न्यायचा. हा टप्पा नसेल तर ती चौकट म्हणजे दारावरचं तोरण.

टप्पा असूनही चार ठिकाणी घसरतं. पहिलं, रिकॅप्चाचा तपासणी-पत्ता टोकन नापास असलं तरी एचटीटीपी २०० (म्हणजे ‘विनंती पोचली, उत्तर दिलं’) हाच कोड देतो. काही जण तो कोड पाहूनच ‘पास’ ठरवतात. दुसरं, पीएचपीत (सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या भाषेत) जेसन या मांडणीत आलेलं उत्तर उलगडायचं राहतं आणि ती नुसती अक्षरमाळ ‘रिकामी नाही’ म्हणून खरी ठरते. तिसरं, आधी ईमेल जातो, डेटाबेसात नोंद होते आणि मग टोकन तपासलं जातं. चौथं, तपासणीची विनंतीच ब्राउझरमधून केली जाते. ती कॉर्सच्या (एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटकडून उत्तर वाचण्यावर ब्राउझर घालतो त्या) नियमात अडकते आणि सीक्रेट की जगजाहीर होते ते वेगळंच.

तुमच्याकडे यातलं काय आहे, हे पाच मिनिटांत कळतं. ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडा, नेटवर्क टॅब निवडा, एकदा फॉर्म पाठवा. त्या विनंतीवर राइट-क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ (तीच विनंती टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, पाठवणारी आज्ञा) घ्या (तोपर्यंत राइट-क्लिक बंद करू नका). मजकूर एडिटरमध्ये टाका, टोकनचा भाग खोडा आणि टर्मिनलमध्ये चालवा. अर्ज दाखल झाला, तर तुमच्याकडे कॅप्चा नाही, कॅप्चाचं चित्र आहे. तुमच्या बेरजेला तर टोकनच नाही, म्हणजे चाचणीचीही गरज नाही. फॉर्म ज्याने बांधला त्याला हा परिच्छेद दाखवा आणि सर्व्हरवरची फाइल त्याच्याकडूनच बदलून घ्या. अर्धवट माहितीवर ती स्वतः उघडू नका.

प्रश्न : तपासणीत ‘टाइमआउट-ऑर-डुप्लिकेट’ अशी चूक येते. कधी येते, कधी येत नाही. (नाशिक)

नावातच निदान आहे. रिकॅप्चाचं टोकन २ मिनिटं टिकतं, टर्नस्टाइलचं ३०० सेकंद, आणि दोन्ही एकदाच चालतात. रिकॅप्चाची तिसरी आवृत्ती (चौकट न दाखवता गुण देणारी) वापरत असाल तर बहुधा पान उघडताच टोकन मागितलेलं असेल. माणूस दहा रकान्यांचा अर्ज भरेपर्यंत ते शिळं होतं. टोकन ‘पाठवा’ दाबल्यावर मागा, हातात आलं की मगच फॉर्म सोडा. दुसरं कारण दोनदा क्लिक : पहिल्या क्लिकला बटण बंद करा. तिसरं, रकान्यातल्या चुकीमुळे अर्ज परत आला आणि जुनंच टोकन पुन्हा गेलं. अजॅक्सने (पान नव्याने न उघडता) पाठवत असाल तर प्रत्येक अपयशानंतर विजेट, म्हणजे कॅप्चाची चौकट, रीसेट करा. एवढं करूनही चूक आली तर होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरच्या नोंदी मागवा. एकच विनंती दोनदा पोचते आहे का, ते तिथेच दिसेल.

प्रश्न : टोकन आल्यावर स्क्रिप्टमधून फॉर्म सबमिट करतो, तर ‘सबमिट हे फंक्शन नाही’ असं येतं.

बटणाचं नेम किंवा आयडी ‘सबमिट’ ठेवलं असेल. ते बदला. आणि ‘सबमिट’ऐवजी ‘रिक्वेस्टसबमिट’ वापरा, नाहीतर ब्राउझर रकान्यांची तपासणी वगळून अर्ज पाठवतो.

प्रश्न : विजेट दिसतच नाही, रिकामी जागा येते.

कन्सोलमधली लाल ओळ वाचा. बहुधा की-च्या सेटिंगमध्ये तुमचं डोमेन नाही, किंवा कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत (पानावर बाहेरचं काय चालू द्यायचं याच्या यादीत) स्क्रिप्टला परवानगी आहे आणि चौकट जिच्यात उघडते त्या फ्रेमला नाही.

प्रश्न : रिकॅप्चा तिसऱ्या आवृत्तीत काही खऱ्या ग्राहकांना ०.३ गुण मिळतात. मर्यादा किती ठेवावी?

गुण ०.० (बहुधा बॉट) ते १.० (बहुधा माणूस) मध्ये येतात आणि सुरुवातीला ०.५ वापरा असं गूगलच सांगतं. तो आकडा म्हणजे अंदाज आहे, निकाल नव्हे. खाली आलेल्याला हाकलू नका, दुसरी पायरी द्या : ईमेलची खातरजमा किंवा दुसऱ्या आवृत्तीची चौकट. आधी काही दिवस कोणालाही न अडवता गुण फक्त नोंदवा, मग त्या नोंदी डेव्हलपरसोबत बसून मर्यादा ठरवा. उत्तरातलं ‘ॲक्शन’ (टोकन मागताना तुम्ही दिलेलं कृतीचं नाव) आणि होस्टनेम (साइटचं नाव) हेही जुळवून बघा. ते सहसा कोणी बघत नाही.

प्रश्न : कॅप्चाऐवजी लपवलेला रकाना, म्हणजे हनीपॉट, पुरेल का? (फोंडा, गोवा)

छोट्या फॉर्मला पुष्कळदा पुरतो, आणि माणसाला त्रास शून्य. पण नीट लावा. इनपुटचा प्रकार ‘हिडन’ नको, तो बरेच बॉट सोडून देतात. साधा मजकुराचा रकाना सीएसएसने पडद्याबाहेर ढकला, टॅबइंडेक्स उणे १ करा (म्हणजे टॅब कळ तिथे थांबणार नाही), ऑटोकम्प्लीट बंद करा आणि एरिया-हिडन लावा, म्हणजे स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारं साधन) तो वाचणार नाही. त्याला ‘फोन’ किंवा ‘ईमेल’ असं नाव देऊ नका. ब्राउझर स्वतःहून भरून टाकतो आणि खरा ग्राहक स्पॅम ठरतो. रकाना भरून आलेले अर्ज लगेच पुसू नका, महिनाभर वेगळे ठेवून चाळा. जोडीला वेळ मोजा : पान देताना सर्व्हरने सही केलेली वेळ फॉर्ममध्ये घाला. ३ सेकंदांत भरून आलेला अर्ज संशयित. ही वेळ जावास्क्रिप्टने लिहू नका. कारण वर सांगितलं आहे.

प्रश्न : सीक्रेट की चुकून गिटहबवर (कोड ठेवण्याच्या साइटवर) उघडी गेली. आठवडा झाला, आता रेपो (कोडचा साठा) खासगी केला आहे. ठीक ना? (पुणे)

आठवडा? ठीक नाही. खासगी करण्याआधी ज्याने प्रत घेतली त्याच्याकडे ती आहेच, आणि ओळ खोडली तरी इतिहासात उरते. आजच नवी की घ्या, जुनी रद्द करा, नवी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये) ठेवा. या कीने कोणाला बनावट टोकन बनवता येत नाही, पण तुमच्या नावावर तपासण्या करून कोटा संपवता येतो. माझी खरी काळजी वेगळी आहे : त्याच फाइलमध्ये ईमेल सर्व्हरचा आणि डेटाबेसचा पासवर्ड होता का? असेल तर तेही आजच बदला आणि जाणकाराकडून सर्व्हर तपासून घ्या.

प्रश्न : एक विक्रेता ‘१०० टक्के स्पॅमबंद, एआय कॅप्चा’ वार्षिक शुल्कावर देतो आहे. घ्यावा का?

१०० टक्के म्हणणाऱ्याला एकच विचारा : पैसे देऊन माणसांकडून कॅप्चा सोडवून घेतले, तर तुमचं साधन काय करतं? समोर खरोखरच माणूस असल्यामुळे तो कॅप्चा पार होतोच. त्याला आवर घालतात विनंत्यांच्या मर्यादा आणि मजकुराची छाननी. काही ठिकाणी मोफत सेवेलाच नवं वेष्टन घालून विकतात. पानाच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट कुठल्या डोमेनवरून येते ते बघा. करार करण्याआधी तटस्थ डेव्हलपरचं मत घ्या, विक्रेत्याच्या भावाचं नको.

प्रश्न : नोंदणी-फॉर्मवर ओटीपी आहे, मग कॅप्चा कशाला?

प्रत्येक ओटीपीचे पैसे तुम्ही भरता म्हणून. बॉट ‘ओटीपी पाठवा’ दाबत राहिला तर एसएमएसचं बिल तुमचं, आणि मध्यरात्री मेसेज भलत्याच माणसाला. टोकनची तपासणी ओटीपी पाठवण्याआधी हवी, नंतर नव्हे. शिवाय एका नंबरला दोन ओटीपींत किमान ६० सेकंदांचं अंतर आणि दिवसाची मर्यादा ठेवा. फक्त आयपी पत्त्यावर कडक मर्यादा नको : मोबाइल डेटावर असंख्य ग्राहक एकाच पत्त्याआड असतात, एका बॉटपायी बाकीचे अडकतात.

प्रश्न : दृष्टिहीन अर्जदार तक्रार करतात की चित्रांच्या कोड्यात अडकतो.

रास्त तक्रार आहे. चित्रं निवडायला लावणारा प्रकार टाळा. हनीपॉट, वेळेची तपासणी आणि कोडं न विचारणारं टर्नस्टाइलसारखं साधन आधी वापरा. तरी अडलेल्यासाठी फोन नंबर किंवा ईमेल द्या, आणि तो फॉर्मच्या वर लिहा, तळाशी नाही. लॉगिनला कोडं घालत असाल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) मधला ३.३.८ हा निकष वाचा. मग एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीला बसवून फॉर्म भरून घ्या. संस्था सरकारी किंवा अनुदानित असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली तुमच्यावर काय बंधनं आहेत, ते वकिलाला विचारा.

प्रश्न : घरबसल्या ‘कॅप्चा टायपिंग’चं काम मिळतंय, आधी नोंदणी शुल्क मागतात. भरू का?

नाही. भरलं असेल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.