चिनी दैनिके म्हणजे केवळ सरकारी पत्रके होती का?

‘चिनी भाषेतील मोठ्या दैनिकांना सांगण्यासारखा इतिहास आहे का, की ती पहिल्यापासून सरकारी पत्रकेच आहेत?’ हा तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण याच अर्थाचा शेरा एकवीस वर्षांपूर्वी माझ्या एम.ए.च्या प्रबंधाच्या समासात लाल शाईने लिहिला गेला होता.

प्रबंधासाठी मी ‘ता कुंग पाओ’ या दैनिकाचे १९४३ सालचे अंक निवडले होते. १९०२ मध्ये त्येनचिन येथे निघालेल्या या पत्राची सूत्रे १९२६ मध्ये नव्या चालकांकडे आली, तेव्हा कोणत्याही पक्षाचे व्हायचे नाही, विकले जायचे नाही, स्वार्थ साधायचा नाही आणि आंधळेपणाने कोणामागे जायचे नाही, अशी चार बंधने त्यांनी स्वतःवर घालून घेतली. हनान प्रांतात भीषण दुष्काळ पडला असताना त्यांचा बातमीदार झांग गाओफंग याने तिथल्या उपासमारीचे आणि तशाही स्थितीत चाललेल्या सरकारी धान्यवसुलीचे वर्णन लिहून पाठवले. ते छापून आल्यावर दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारी १९४३ रोजी, संपादक वांग युनशंग यांनी युद्धकालीन राजधानी चोंगछिंगमधली चैन आणि हनानमधली भूक समोरासमोर ठेवणारा अग्रलेख लिहिला. च्यांग काय-शेक यांच्या सरकारने पत्राचे प्रकाशन तीन दिवस बंद पाडले.

उभ्या ओळींतला, उजवीकडून डावीकडे वाचायचा तो अग्रलेख जुन्या लिपीतले एकेक अक्षर कोशात शोधत लावायला मला चार दिवस लागले. मार्गदर्शकांनी तो न वाचताच ‘वृत्तपत्र’ हा शब्द खोडून ‘प्रचारपत्रक’ असा केला, आणि पदवी हवी असल्यामुळे मी तो बदल स्वीकारला. सरकारी पत्रकाला सरकार टाळे कशासाठी लावेल, हे मी त्याच वेळी विचारायला हवे होते.

इतिहास तर त्याहूनही जुना आहे. १८७२ मध्ये अर्नेस्ट मेजर या इंग्रज व्यापाऱ्याने शांघायमध्ये सुरू केलेले ‘शन पाओ’ १९४९ पर्यंत चालले, आणि त्याचे चिनी मालक शी ल्यांगत्साय यांची १९३४ मध्ये शांघाय-हांगचौ रस्त्यावर गोळ्या घालून हत्या झाली. हाँगकाँगचे ‘मिंग पाओ’ १९५९ मध्ये चिन युंग या कादंबरीकाराने सुरू केले आणि आरंभीच्या काळात वाचक त्यांच्या क्रमशः कादंबऱ्यांसाठी ते विकत घेत असत. सिंगापूरचे ‘ल्यानहे झाओपाओ’ १९८३ मध्ये दोन जुनी पत्रे एकत्र करून झाले. त्यांपैकी एक १९२३ मध्ये तान काह की या रबर-व्यापाऱ्याने काढले होते, तर दुसरे १९२९ मध्ये टायगर बामच्या मालकाने. आपल्याकडे कोलकात्याच्या टांगऱ्यातही एक चिनी दैनिक कित्येक वर्षे निघत होते.

‘पीपल्स डेली’ १९४८ पासून कम्युनिस्ट पक्षाचेच मुखपत्र आहे, हे मी नाकारत नाही. तैवानमध्ये १९८८ पर्यंत नव्या वृत्तपत्राला परवाना मिळत नव्हता. ‘ता कुंग पाओ’ आज हाँगकाँगमधून बीजिंगच्या बाजूने लिहिते, तर बीजिंगवर टीका करणारे तिथलेच ‘ॲपल डेली’ जून २०२१ मध्ये बंद पडले. म्हणजे तुमची शंका आजच्या पुष्कळ पत्रांना लागू पडते. मात्र तुमचा ‘पहिल्यापासून’ हा शब्द चुकीचा आहे.

तुम्ही चिनी शिकत असाल, तर भाषांतरावर विसंबू नका आणि कोणत्याही प्राध्यापकाच्या मतावर तर मुळीच नको. तो अग्रलेख मिळवा आणि स्वतः वाचा. माझे मार्गदर्शक आता निवृत्त आहेत. मी त्या अग्रलेखाचे संपूर्ण मराठी भाषांतर पूर्ण केले आहे, आणि त्याची पहिली प्रत त्यांनाच पाठवणार आहे.