आयबी शाळेत ‘आंतरसांस्कृतिक समज’ खरंच शिकवतात का? मुलीला सहावीपासून टाकावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्याला बदली झाली, मुलगी सहावीत जाणार, आयबीत (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत) टाकायची का, आणि ते इंटरकल्चरल वगैरे नुसतं ब्रोशरपुरतं असतं का. मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात झेडपीचा मास्तर, माझा काय संबंध म्हणाल, पण आमच्या घरात याच्यावरूनच दोन वर्षांपासून धुसफूस आहे म्हणून लिहितो.

माझा पुतण्या पुण्यात आयबीच्या पीवायपीत, म्हणजे प्राथमिक टप्प्यात आहे. पोळ्याला दादा त्याला घेऊन आला होता. पोरानं शाळेत जपानवर प्रोजेक्ट केलेला, किमोनोतले फोटो दाखवले, लय भारी. दादा म्हणे, “याला म्हणतात एक्सपोजर, तू पोरीला त्या पोट्ट्यांमध्ये बसवून काय शिकवणार?” माझी पोरगी माझ्याच शाळेत तिसरीत आहे, तिच्याशिवाय वर्गात सगळे कोरकू आदिवासी. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो. आजीनं कुटकीचा, म्हणजे एका बारीक भरडधान्याचा भात वाढला, वर तुरीचं वरण, आणि ताटाकडं हात करून काही बोलली, त्यात जोम हा शब्द आला. पोरगं मला विचारतं, “काका, जोम म्हणजे ताकद नं?” अन् मी गप्पच झालो बाप्पा. नोकरीच्या पहिल्या वर्षी पहिलीतलं एक पोरगं दुपारी माझ्यापुढं उभं राहून काहीतरी सांगत होतं, मला त्यातलं जोम एवढंच कळलं, मी म्हटलं शाब्बास, बस खाली. कोरकूत जोम म्हणजे खाणं. ते उपाशी होतं. तेव्हापासून मी कोरकू शब्दांची वही ठेवतो. ही मुंडा कुळातली भाषा, संथालीची नातलग, मराठीशी तिचं गोत जुळत नाही, हे डीएडला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे ऐकल्यावर पुतण्यानं माझी वही मागितली नि आजीला सूप, मुसळ, कोंबडी एकेक दाखवून नावं विचारत बसला, चुकला की परत म्हणायचा. असं विचारायचं त्याला शाळेनं शिकवलं, हे मी मान्य करतो. तेवढ्यात दादाचा फोन, “तिथं काही खाऊ नको म्हणावं त्याला.”

आयबी १९६८ ला जिनिव्हात सुरू झालं, आणि त्यांच्या ध्येयातच लिहिलंय की आपल्यापेक्षा वेगळी माणसंसुद्धा बरोबर असू शकतात. दादा लाखांनी फी भरतो, पण ते काही त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा फूड फेस्टिव्हलचे फोटो बघत बसू नका. शाळेतल्या मावशी कुठल्या गावच्या, बसवाले काका घरी कोणती भाषा बोलतात, हे पोरांना माहीत आहे का ते विचारा. सहावीला एमवायपी, म्हणजे आयबीचा मधला टप्पा, त्यात दोन भाषा असतात, तर मराठीचं काय करता हेही विचारा. पुढं अकरावी-बारावीच्या आयबी डिप्लोमात मातृभाषेचा शिक्षक नसला तरी शाळेच्या मदतीनं तिचं साहित्य स्वतः अभ्यासून घेता येतं, ते आधीच बोलून ठेवा.

बाकी फी झेपते का, नीट-जेईई करायचंय का, ते तुमचं तुम्ही बघा. मी एकच पोरगं जवळून बघितलंय, सगळ्या आयबी शाळांचं मला सांगता येणार नाही. पण झेडपीत एक्सपोजर नाही हे मी ऐकून घेणार नाही. माझी पोरगी घरी मराठी, मैत्रिणींशी कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी बोलते, अन् ते तिला कोणी प्रोजेक्ट म्हणून दिलेलं नाही.

दादा हे वाचत असेल तर त्याला सांगतो, तुझा फोन यायच्या आधीच पोरानं भात दोनदा मागून खाल्ला होता.